चित्र चांगलं, तरी प्रवेशिका बाद! कोकणातल्या कला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात बारावीतली एक विद्यार्थिनी रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. तिने रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्याच्या मासेमारीचं, जलरंगातलं चित्र एका स्पर्धेला पाठवलं होतं. ओल्या दोरावर वाकलेली माणसं, पायाखाली खचणारी वाळू, मागे दाटलेलं मळभ. माझ्या वर्गात इतक्या वर्षांत झालेल्या चांगल्या चित्रांपैकी ते एक. पहिल्याच फेरीत बाद झालं. मी तिने पाठवलेली फाइल मागवून उघडली आणि उलगडा झाला. पावसासाठी पडवीला बांधलेल्या निळ्या ताडपत्रीखाली उभं राहून तिने फोटो काढला होता. वाळू निळी, माणसं निळी, मळभही निळं. परीक्षकांपर्यंत तिचं चित्र पोचलंच नव्हतं.

मालवण-कुडाळ भागात चित्रकला शिकवताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. आमची मुलं कागदावर क्वचितच कमी पडतात. चित्र पुरं झाल्यावर ते समोरच्यापर्यंत जातं त्या वाटेवर घात होतो, आणि त्या वाटेबद्दल त्यांना कुणी फारसं सांगत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

फोटो: निम्मी चित्रं इथेच मरतात

आपल्याकडे उजेड भरपूर, पण तो रंगीत असतो. माडा-आंब्याखाली फोटो काढला की कागदावर हिरवी झाक येते. चिऱ्याच्या, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाच्या, भिंतीजवळ किंवा सारवलेल्या खळ्यात काढला की खालून तांबूस उजेड चढतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. ताडपत्रीचं तर वर सांगितलंच.

फोटोला सगळ्यात चांगला उजेड मळभाचा. पाऊस उघडला, आकाश पांढुरकं आहे, अशी अर्धा तासाची उघडीप मिळाली की हातातलं काम टाकून फोटो काढा. ऊन असेल तर घराच्या सावलीच्या बाजूला, जिथून मोकळं आकाश दिसतं तिथे उभं राहा. जमिनीवर पांढरी चादर अंथरा, म्हणजे तांबडी झाक येणार नाही. चित्राच्या शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा. फोटोत तो कागद निळा किंवा पिवळा दिसला, तर चित्राचे रंगही तितकेच बिघडले आहेत असं समजा आणि जागा बदला. घरी एडिटिंग करून दुरुस्त करू म्हणालात, तर मूळ रंग कुठले होते हेच विसराल.

चित्र भिंतीला तिरकं टेकवलं आणि मोबाइल सरळ धरला की वरची बाजू अरुंद येते. बोर्डाला क्लिपा लावून चित्र ताठ उभं करा, मोबाइल बरोबर त्याच्या मध्यावर धरा, कॅमेऱ्यातल्या ग्रिडच्या रेघा चालू ठेवा. जवळ जाऊन काढलेल्या फोटोत कडा फुगतात. त्यापेक्षा दीड-दोन पावलं मागे जा आणि दुप्पट झूम करा. फिल्टर, ब्युटी मोड, फ्लॅश सगळं बंद. काचेच्या फ्रेममधलं चित्र काच काढूनच टिपा, नाहीतर चित्रात तुमचाच चेहरा उमटेल.

इतकं करूनही एक चूक राहते. फॉर्म भरणारा मामेभाऊ मुंबईला असतो, आणि फोटो त्याला व्हॉट्सॲपवर जातो. तिथे साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. मोबाइलने चार हजार बाय तीन हजार पिक्सेलचा फोटो काढलेला असतो, पोचतो तो निम्म्याहून लहान. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. ए-फोर आकारात ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) मागितलं असेल तर त्याचा अर्थ साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल. लहान फाइलवर डीपीआयचा नुसता आकडा बदलून तपशील वाढत नाही. उलट पोर्टल फाइल मोठी म्हणून नाकारत असेल तर मूळ फोटोला हात लावू नका, त्याची प्रत काढून ती लहान करा. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहा. देवनागरी नाव दिसताच अडून बसणारी पोर्टल्स मी पाहिली आहेत.

डिझाइनवाल्यांसाठी आणखी एक. मराठी पोस्टर करताना 'किल्ला' शब्दाची वेलांटी भलतीकडे गेलेली किंवा जोडाक्षर फुटलेलं दिसतं ना, त्यावर उपाय आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' हा पर्याय निवडा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये टाइप केलं असेल तर तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर मजकुराची खिचडी होते. त्यामुळे पाठवण्याआधी अक्षरांचं आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका, पीडीएफ दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघा. परीक्षक पडद्यावर बघणार असतील तर फाइल एसआरजीबी या पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत द्या. सीएमवायके ही रंगपद्धत छापखान्यासाठी.

ओल

"सर, चित्राक बुरो इलो." म्हणजे चित्राला बुरशी आली. दरवर्षी श्रावणात हे वाक्य ऐकतो. पावसाळ्यात आपल्याकडची हवाच इतकी दमट असते की जाड कागददेखील हाताला गार लागतो. अशा कागदावर केलेलं जलरंगचित्र वरून सुकलेलं दिसलं तरी आत ओलं असतं. मुलं ते जपायचं म्हणून लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालतात. आतली ओल आतच कोंडते आणि पंधरा दिवसांत काळे-करडे ठिपके येतात. आधी पंख्याखाली दोन-तीन दिवस नीट सुकवा. मग बटर पेपर मध्ये घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पाटावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडवं ठेवा. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून कधीच ठेवू नका, भिंत पावसाळाभर पाणी ओढत असते.

बुरा आलाच, तर ओल्या फडक्याने पुसू नका. तो कागदात आणखी खोल मुरतो. चित्र पूर्ण सुकू द्या, मग घराबाहेर नेऊन मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका. नाकाला रुमाल बांधा.

तैलरंगाला तर पावसाळ्यात सुकायला महिनाही पुरत नाही. ऑगस्टअखेर पाठवायचं चित्र ऑगस्टमध्येच रंगवायला घेतलंत तर ते पाठवण्याच्या अवस्थेत येणार नाही. कॅनव्हास गुंडाळावा लागलाच तर रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली की रंग दाबला जाऊन त्याला सुरकुत्या पडतात, उलगडताना तडेही जातात. कुरिअरने जाणाऱ्या फ्रेमला काच नको, ॲक्रिलिकची शीट लावा. आणि चित्राच्या पाठीवर नाव, शीर्षक, माध्यम, वर्ष, आकार आणि वरची बाजू कुठली ते लिहा. आकार लिहिताना उंची आधी की रुंदी आधी, इंच की सेंटिमीटर, फ्रेमसकट की फ्रेमशिवाय, हे नियमावलीत बघा. हाफ इम्पिरियल कागद १५ बाय २२ इंचांचा. उभं चित्र आडवं नोंदवल्यामुळे भिंतीवर आडवं टांगलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

तारखा आणि दाखले

शेवटच्या दिवशी संध्याकाळी फॉर्म भरायला बसणं ही चूक सगळीकडची. आपल्याकडे तिला वीज आणि नेटवर्कची जोड मिळते. पैसे खात्यातून गेले आणि पोर्टलवर 'पेंडिंग' दिसलं, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा क्रमांक उतरवून घ्या, स्क्रीनशॉट काढा, थोडा वेळ थांबून पुन्हा लॉगिन करून बघा, आणि तरीही अडलं तर त्या क्रमांकासह मुदतीच्या आत ईमेल करा. मुदतीनंतरच्या तक्रारीला कुणी दाद देत नाही.

आपलं वर्ष गणपतीभोवती फिरतं. जुलै-ऑगस्टमध्ये हातात कला असलेलं प्रत्येक पोर गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, मातीत आणि रंगात बुडालेलं असतं. ते असावंच, डोळ्यांची आखणी करताना जो हात तयार होतो तो कुठल्याही क्लासमध्ये होत नाही. पण युसीडची, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या डिझाइनच्या पदवीसाठीच्या प्रवेश परीक्षेची, नोंदणी ऑक्टोबरच्या आसपास येते, गणपती आटोपून जरा दम खाईपर्यंत आणि भातकापणीच्या ऐन धांदलीत. म्हणून दाखले आधी, मे-जूनमध्येच काढा. ओबीसी विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्या. राज्याच्या प्रवेशासाठीचा नॉन-क्रीमिलेअर दाखला आयआयटी, एनआयडी (डिझाइन), निफ्ट (फॅशन) यांसारख्या केंद्राच्या संस्थांना चालत नाही, तिथे केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधी तपासा. सेतूमध्ये अर्ज करतानाच 'केंद्राचा नमुना' असं स्पष्ट सांगा.

परीक्षेबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की चित्र छान काढता आलं म्हणजे युसीड झाली. तीनशे गुणांपैकी दोनशे पहिल्या भागाचे. तो संगणकावर द्यायचा, त्यात निरीक्षण, अवकाशाची जाण, तर्क, सामान्य ज्ञान. त्या भागात कटऑफच्या वर गेलात तरच चित्राचा शंभर गुणांचा भाग तपासला जातो. वर्षभर केवळ शेडिंग करत बसलेल्या मुलांचा कागद कुणी उघडतही नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आणि ही परीक्षा सलग दोनच वर्षं देता येते, तेव्हा 'यंदा सहज देऊन बघू' म्हणून पहिली संधी घालवू नका. कला, वाणिज्य, विज्ञान, बारावी कुठल्याही शाखेची चालते. निव्वळ डिझाइनसाठी म्हणून विज्ञानात रखडणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

शाळकरी मुलांच्या पालकांसाठी थोडक्यात: शासकीय रेखाकला परीक्षेतल्या इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीत ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेने मंडळाकडे पाठवावा लागतो. पाठवला का, हे एकदा विचारा.

मुंबईला परीक्षेला, काळा घोडा महोत्सवाला किंवा जहांगीरमधली प्रदर्शनं बघायला जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. त्याच दिवशी करा. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा बदलतात, हे सकाळी नऊच्या परीक्षेला जाणाऱ्यांनी विसरू नये.

माड, होडी आणि मावळता सूर्य

कोकण म्हटलं की हे तीन येतातच. चित्रकार प्र. अ. धोंडांची समुद्राची जलरंगचित्रं बघा. पाणी, ओली वाळू आणि आकाश यांच्यात किती वेगवेगळे राखाडी असतात ते दिसेल, आणि आपण किनाऱ्यावर राहून काय बघत नाही तेही दिसेल. तुमच्या अंगणात जे आहे ते मुंबई-पुण्याच्या स्पर्धकाकडे नाही: चिरेखाणीतले तांबडे काटकोन, जाळं विणणाऱ्याची बोटं, दशावतारी नटाची रंगपटातली संध्याकाळ. सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, आणि त्या रेषांवर काम केलेला एकही पोर्टफोलिओ आमच्या तालुक्यातून गेलेला मी पाहिलेला नाही.

संधी फक्त मुंबईत असते ही समजूतही सोडा. चिपळूणजवळ सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, रंगवणारे हात समोर बसून बघता येतात. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० गोल पानं असतात, आणि एवढ्याशा वर्तुळात आकृती कशी बसवली आहे हा डिझाइनच्या पहिल्या वर्षाचा अख्खा अभ्यास आहे. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. डिझाइनच्या मोठ्या संस्थांतली मुलं अशा कलांच्या नोंदी करायला लांबून येतात. तुम्हाला एसटीने जाता येतं.

पण तासाभरात चार फोटो काढून परतणं ही तिथली चूक. आधी परवानगी घ्या. एकच पोथी, म्हणजे एका कथेच्या चित्रांचा संच, घेऊन बसा. चित्रातले चेहरे बहुतेक एका बाजूने काढलेले आणि डोळे मोठे का, पान पुढे करताना हात कुठे धरतात, कथा सांगताना बोट कुठल्या आकृतीवर येतं, हे वहीत लिहा, रेखाटा. दोन-तीनदा जा. आणि ती शैली उचलून 'माझी निर्मिती' म्हणून स्पर्धेला देऊ नका. ज्यांच्याकडून शिकलात त्यांचं नाव लिहा.

फी आणि हक्क

शे-दोनशे रुपये भरा, प्रत्येकाला 'आंतरराष्ट्रीय' प्रमाणपत्र, अशा ऑनलाइन स्पर्धा ढिगाने निघतात. परीक्षक कोण, आधीच्या वर्षीची निवडलेली कामं कुठे बघायला मिळतात, प्रदर्शन कुठे भरतं, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर ते पैसे कागदावर खर्च करा. १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी प्रदर्शनं भरवते, राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी विभाग आहे. तिथे एकदा नाकारलं जाणं हे दहा घाऊक प्रमाणपत्रांपेक्षा जास्त शिकवतं. अठरा ते पंचवीस वयाच्या तरुण कलाकारांसाठी केंद्र सरकारची, सीसीआरटी या सांस्कृतिक संस्थेमार्फत मिळणारी, दोन वर्षांची शिष्यवृत्तीही आहे. आमच्याकडून तिला अर्जच फार थोडे जातात.

लोगो आणि पोस्टरच्या स्पर्धांमध्ये अटींच्या शेवटी एक ओळ असते: आलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे. जिंकलेल्याच नव्हे, सर्व. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ती ओळ दिसली तर फॉर्म भरण्याआधी आयोजकांना ईमेल करा: न निवडलेल्या कामाचे हक्क माझ्याकडे राहतील का? फोनवर विचारू नका. उत्तर लेखी आलं तर ते प्रवेशिकेच्या पावतीसोबत ठेवा, आणि आठ दिवसांत आलंच नाही तर ते डिझाइन दुसरीकडे पाठवा.