‘मेटॉइकोस’ हा शब्द कसा वापरावा

प्राचीन अथेन्सविषयी लिहिताना ‘मेटॉइकोस’साठी नुसते ‘परदेशी’ लिहू नये. ग्रीक भाषेत ‘ओइकोस’ म्हणजे घर; त्यावरून ‘घर बदलून आलेला’ असा अर्थ सहसा लावतात. मराठीत ‘मेटिक’ हे सुटसुटीत रूप चालेल. चार दिवसांसाठी आलेला परका तो ‘क्सेनोस’. मेटिक मात्र तिथेच राहणारा, पुरुष असल्यास वर्षाला 12 आणि स्वतंत्र राहणारी स्त्री असल्यास 6 द्राख्मा कर भरणारा, प्रसंगी सैन्यातही जाणारा, तरीही नागरिकांच्या सभेत मत नसलेला आणि खास परवानगीवाचून जमीन किंवा घर विकत घेऊ न शकणारा रहिवासी होता. मुक्त झालेले गुलामही मेटिकांतच गणले जात. म्हणून ‘स्थलांतरित’ हा प्रतिशब्दही अपुराच पडतो.

उदाहरणादाखल अथेन्समधला भाषणलेखक लिसियास घ्यावा. सिसिलीतल्या सिराक्यूज शहरातून आलेल्या केफालोसचा हा मुलगा ढालींच्या कारखान्याचा मालक होता. इ.स.पू. 404 मध्ये सत्तेवर आलेल्या तीस जणांच्या राजवटीने त्याच्याकडच्या 700 ढाली जप्त केल्या, भावाला विष प्यायला लावले आणि वहिनीच्या कानांतली सोन्याची कर्णभूषणेसुद्धा ओरबाडली. अशा ठिकाणी ‘श्रीमंत मेटिक’ असेच लिहावे, ‘अथेन्सचा नागरिक’ असे कधीही लिहू नये.