डीबीएच्या नव्या नोकरीत आधी बॅकअप उतरवून बघा

डीबीए (डेटाबेस सांभाळणारी) म्हणून नव्या जागी रुजू झाले तेव्हा काहीतरी करून दाखवायची मला भारी घाई होती. दुसऱ्याच दिवशी एका मोठ्या टेबलवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसल्याचं लक्षात आलं आणि हात शिवशिवू लागले. टीममधले सीनियर म्हणाले, "महिनाभर नुसतं वाच. प्रॉडक्शनला (चालू कामाच्या सर्व्हरला) हात लावू नकोस." तेव्हा राग आला होता. आता माझ्या हाताखाली कुणी नवीन आलं की मीही हेच सांगते.

वाचायचं म्हणजे काय, तर सर्व्हरची यादी, प्रत्येकाचं व्हर्जन, कुणाकुणाला कसले अधिकार आहेत ते. आणि सगळ्यात आधी क्रॉनटॅब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी. कागदपत्रं जुनी असू शकतात, पण रात्री खरोखर काय चालतं ते क्रॉनटॅबमध्येच दिसतं. आमच्याकडे बॅकअप फसल्याचा मेल ज्यांच्या नावावर जायचा, ते गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेले होते.

तिसऱ्या आठवड्यात मी टेस्ट सर्व्हर मागून घेतला आणि ओरॅकल डेटाबेसचा रविवारचा बॅकअप त्यावर उतरवायला, म्हणजे रिस्टोअर करायला घेतला. रोजच्या अहवालात सगळं यशस्वी होतं. डेटाफाइल्स नीट उतरल्या, बॅकअपनंतरचे बदल क्रमाने लावणारी रिकव्हरी सुरू झाली, सोमवार गेला, मंगळवार गेला आणि बुधवारी दुपारपाशी अडकली. स्क्रीनवर ओरॅकलच्या बॅकअप साधनाची, आरमॅनची एरर: आरमॅन-०६०५४. म्हणजे पुढचा आर्काइव्ह लॉग (झालेल्या बदलांची जपून ठेवलेली नोंद) सापडत नाही. शोधत गेले तर डिस्क ८० टक्के भरली की जुने लॉग थेट आरएम या फाइल पुसायच्या कमांडने उडवणारी एक स्क्रिप्ट निघाली. बुधवारी कामाचा लोड जास्त होता, लॉगचा बॅकअप रात्री व्हायचा आणि स्क्रिप्ट त्याआधीच चालली होती. त्या आठवड्यात मुख्य सर्व्हर गेला असता तर बुधवार दुपारनंतरचं काहीच परत आणता आलं नसतं. आम्ही ती स्क्रिप्ट काढली, लॉगचा बॅकअप दर तासाला लावला आणि बॅकअप झालेलेच लॉग आरमॅनकडून पुसायचे, असं ठरवलं.

असं मोठ्या ठिकाणीही होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामचा कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसली. बॅकअप बघायला गेले तर तो नव्हताच: डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, त्याचा बॅकअप घेणारा पीजी-डम्प ९.२ चा, त्यामुळे तो दर वेळी फसत होता आणि फसल्याचे मेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) होता म्हणून निभावलं. झाला प्रकार त्यांनी सविस्तर जाहीर केला. नव्या डीबीएने तो अहवाल जरूर वाचावा.

"डेटाबेस स्लो आहे" हे वाक्य पहिल्याच आठवड्यात कानावर येईल. केव्हापासून, कोणती स्क्रीन, सगळ्यांना की एकालाच, एवढं विचारल्याशिवाय कीबोर्डला हात लावू नका. एखाद्या सेशनने (डेटाबेसला जोडलेल्या एखाद्याच्या चालू कामाने) बाकीच्यांना अडवून धरलेलं दिसलं तरी ते लगेच किल, म्हणजे बळजबरीने बंद करू नका. दोन तास चाललेला अपडेट किल केला की ओरॅकल तेवढे सगळे बदल मागे घेत बसतं, आणि तोवर लॉक सुटत नाहीत.

एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर आलात तर हाताच्या सवयी तपासा. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटाच्या) आत टेबल ड्रॉप केलं, म्हणजे काढून टाकलं, तरी रोलबॅक करून ते परत आणता येतं. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये ड्रॉप स्वतःच कमिट करून, म्हणजे बदल पक्का करून टाकतो. शिवाय मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक बदल लगेच आपोआप पक्का होणं, मुळातच चालू असतं. अपडेट चालवण्याआधी तीच वेअरची (कोणत्या ओळी बदलायच्या ती) अट लावून ओळींचा काउंट घ्यायचा आणि आकडा जुळला तरच कमिट करायचं, हे मी अजूनही पाळते.

त्या टेस्ट रिस्टोअरमधून आणखी एक गोष्ट हाती आली, ती म्हणजे वेळ. सगळे धरून चालले होते की डेटाबेस तासाभरात परत उभा राहील. दुरुस्तीनंतर मी पुन्हा पहिल्यापासून रिस्टोअर केला, तेव्हा ६ तास २० मिनिटं लागली. कोणत्या टप्प्याला किती वेळ गेला ते लिहून मॅनेजरना पाठवलं. त्यांनी तो तक्ता पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठेवला आणि दर तीन महिन्यांनी टेस्ट रिस्टोअरसाठी एक दिवस कायमचा राखून दिला.