कागद नसलेल्या माणसावर चिडणं सोडून त्याच्यासाठी काय करायचं: नाशिकच्या ख्रिस्ती घरांसाठी

दोन महिन्यांपूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. समोरच्या साईटवरच्या पत्र्याच्या शेड, टँकरच्या पाइपाखाली पोरांना आंघोळ घालणाऱ्या बायका, आणि खाली लिहिलेलं, "बांगलादेशी आलेत वाटतं, लक्ष ठेवा". अर्ध्या तासात अंगठ्यांची रांग लागली. रविवार होता, मी नुकताच उपासनेवरून आलेलो, हातात चहा, आणि काही विचार न करता मीही अंगठा टाकला. नंतर कळलं की ती माणसं पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातली, म्हणजे तुमच्याआमच्याइतकीच भारतीय. तेव्हापासून जे शिकलो, जे चुकलो ते सगळं इथे टाकतोय, कोणाला उपयोग झाला तर बघा.

सुरुवात तोंडापासून. मदतबिदत नंतर, आधी कुरकुर बंद. उपवासकाळात आपण मटण सोडतो ना, तसे 40 दिवस ही एक गोष्ट सोडून बघा: परप्रांतीयांबद्दलचा एकही मेसेज पुढे पाठवायचा नाही आणि "या लोकांमुळेच" असं वाक्य सुरू करायचं नाही. पहिल्या आठवड्यातच लक्षात येतं आपण दिवसातून किती वेळा ते वाक्य सुरू करतो, रिक्षात, सलूनमध्ये, आणि हो, चर्चच्या पायऱ्यांवर तर सगळ्यात जास्त. राग यायचाच नाही असं मी म्हणत नाही. आपल्या पोरांना काम मिळत नाही हे खरं दुखणं आहे. पण मजुरीचा रेट पाडतो ठेकेदार, हजेरी खातो मुकादम, आणि शिव्या खातो तो सेंट्रिंगवाला ज्याच्याकडे उलट बोलायला भाषापण नाही. 2008 च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीय मजूर घाबरून हजारोंनी नाशिक सोडून गेले, तेव्हा एमआयडीसीतल्या कारखान्यांना माणसं मिळेनात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरं, "कागद नाहीत" म्हणजे नक्की कोणाकडे काय नाही ते नीट समजून घ्या, कारण आपण सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. बिहार, झारखंड, ओडिशा, बंगालमधून आलेल्या माणसाचं आधार हरवलं असेल किंवा नावात चूक असेल, पण तो भारतीय आहे आणि घटनेच्या कलम 19 प्रमाणे तो नाशकात राहू शकतो, काम करू शकतो, कोणाची परवानगी लागत नाही. नेपाळी वॉचमनला 1950 च्या करारामुळे इथे राहायला व्हिसा लागत नाही. उरला तो खरोखरच परदेशातून कागदांशिवाय आलेला माणूस. त्याचं काय करायचं ते कायदा ठरवेल, आता त्यासाठी 2025 चा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट आहे, 1 सप्टेंबर 2025 पासून लागू. पण कलम 21 मधला जगण्याचा हक्क नुसत्या नागरिकांना नाही, प्रत्येक माणसाला आहे. आणि बोलण्यावरून कोण कुठला हे ओळखायला जाऊ नका प्लीज. मालदा-मुर्शिदाबादची भाषा बंगालीच आहे. 2025 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेले बंगालचे काही मजूर थेट बांगलादेशात ढकलले गेले आणि मग भारतीयच निघाले म्हणून परत आणावे लागले, अशा प्रकरणाची सुरुवात कुठेतरी आमच्या ग्रुपसारख्या ग्रुपवरूनच होत असणार असं मला वाटतं, आणि त्यात माझाही अंगठा होता.

आता घरात पोरांना शरणपूरची गोष्ट सांगा. आपण रोज शरणपूर रोडवरून जातो, सिग्नलला शिव्या देतो, पण शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव हे डोक्यातच येत नाही. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने, त्यात प्राइस नावाचे पाळक पुढे होते, ही वस्ती उभी केली. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकन पोरं इथे आणली जायची, सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकायची. गाव माहीत नाही, आईबाप माहीत नाहीत, भाषा येत नाही, कागदाचा तर प्रश्नच नाही. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत तिथला भूभाग धुंडाळणाऱ्या मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टनबरोबर गेला आणि लिव्हिंग्स्टनचं पार्थिव घेऊन थेट लंडनला पोचला, 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा तो शवपेटीजवळ होता. नाशकात शिकलेलं पोर! म्हणजे आपल्या इथल्या मंडळीची सुरुवातच मुळी निराश्रित, परक्या लोकांना घेऊन झालेली आहे आणि आपण विचारतोय हे इथे कशाला आले.

बायबल उघडायचंच असेल तर मत्तयच्या दुसऱ्या अध्यायापासून उघडा, तान्ह्या पोराला घेऊन रातोरात मिसरात पळालेलं कुटुंब. नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत लांबून लोक येतात तेव्हा आपण पाव्हण्यांना गादी घालून देतो, आणि तो बाळ येशू स्वतः सरहद्द ओलांडून गेलेला होता.

मग शेडवर जायचं. कसं जायचं ते महत्त्वाचं. संध्याकाळी सात-साडेसातला जा, तेव्हा चूल पेटलेली असते आणि माणसं बसलेली असतात. गाडीतून उतरून वाटप करू नका, फोटो तर अजिबात काढू नका. आधी ठेकेदाराच्या माणसाला सांगा नाहीतर तो दुसऱ्या दिवशी त्यांनाच झापतो. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, नाव विचारा, गाव विचारा, पोरं किती ते विचारा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरातलं जुनं कपड्यांचं बोचकं घेऊन गेलो आणि त्यात माझा लग्नातला ब्लेझर होता, एप्रिल महिना, पत्रा तापलेला, तो मिस्त्री ब्लेझर हातात धरून इतका अवघडून हसला की मला पळून जावंसं वाटलं. त्यांना लागतं काय तर पायातल्या चपला, ओआरएसची पाकिटं, मच्छरदाणी, आंघोळीचा आडोसा करायला ताडपत्री. हे मला एका बाईने सांगितलं, विचारल्यावर. मदतीबरोबर धर्माच्या पत्रिका वाटू नका. उपाशी माणूस कशालाही हो म्हणतो, त्या होला काय अर्थ आहे, आणि हल्ली त्यावरून नसते आरोप होतात आणि भोगतात परत तेच.

त्याच बाईने मला तिची पिशवी दाखवली. दुधाची पिशवी, तिच्यात अजून एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात आधारची झेरॉक्स, घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली, चिकटपट्टीखाली जन्मसालाचे दोन आकडे गायब. ही पिशवी ती स्लॅबवर कामाला जाताना कमरेला बांधून नेते. तिने कागद दाखवले तेव्हा मी मागितलेपण नव्हते, आपण चेहऱ्याने मागतो बहुतेक.

इथून पुढे खरं काम, आणि ते कागदांचंच आहे. आधारची दुरुस्ती आधार केंद्रावर होते, फक्त त्या माणसाचा अर्धा दिवसाचा रोज बुडतो म्हणून कोणी जात नाही, तर तो रोज तुम्ही भरा, ही सगळ्यात स्वस्त मदत आहे. (आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नाही हेही त्यांना सांगा, म्हणजे मूळ गावचं मतदार कार्ड, रेशनकार्ड जपून ठेवतील.) गावाकडचं रेशनकार्ड आधारला जोडलेलं असेल तर नाशकातल्या दुकानातही धान्य मिळतं, एक देश एक रेशनकार्ड योजनेत, पण दुकानदार पहिल्यांदा नाही म्हणतो, सोबत कोणी मराठी बोलणारं उभं असलं की हो म्हणतो. बांधकामावर वर्षात 90 दिवस काम केलेल्याला बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते. ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी यादीतली, नोंदणी मोबाईलवरून होते.

पोरांची शाळा ही सगळ्यात आधी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आम्ही त्या बाईच्या मुलीला घेऊन गेलो तर शाळेत आधी दाखलाच मागितला, मग मी कायद्याची प्रिंट टेबलावर ठेवली आणि गप्प बसलो. भांडलो नाही. अर्ध्या तासाने नाव घातलं. दवाखान्याचंही तसंच, अपघात झालेल्या माणसाला कागद बघत न बसता आधी उपचार द्यायचे असं सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय. फोनमध्ये नंबर ठेवा: ॲम्ब्युलन्ससाठी 108, एकटं सापडलेलं किंवा कामाला जुंपलेलं पोर असेल तर 1098, आणि कोणाला पोलिसांनी उचललं तर फुकट वकिलासाठी 15100. अटक झाल्यावर 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, तेवढा वेळ तुम्ही पोलीस स्टेशनच्या बाकावर जाऊन बसलात तरी फरक पडतो.

करुणेच्या नावाखाली काय करायचं नाही तेही सांगतो. खोटं आधार कोणी करून देतो म्हणाला तर त्या वाटेला जाऊ नका. खोट्या पासपोर्ट-व्हिसाला नव्या कायद्यात 2 ते 7 वर्षं कैद आहे, आणि अडकतो तो गरीबच, एजंट सुटतो. परदेशी माणूस घरात ठेवला तर 24 तासांत कळवावं लागतं, भाडेकरूची पोलिसांत नोंद करावी लागते, ते करा. लपवाछपवी नको. पण जेवण देणं, पोराला डॉक्टरकडे नेणं, वकील गाठून देणं यासाठी कोणाचा पासपोर्ट तपासायची गरज नाही.

ज्यांची दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबाग आहे त्यांच्यासाठी वेगळं. लेवीय 19 मध्ये सरळ द्राक्षांचंच नाव घेऊन लिहिलंय, मळ्यात पडलेली द्राक्षं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. आपल्याकडे सरवा म्हणतात त्याला. छाटणी-खुडणीला पेठ-सुरगाण्याहून येणारी टोळी असो की बाहेरच्या राज्यातली, पगार बाजाराच्या आदल्या दिवशी द्या, मुकादमाच्या हातात न देता ज्याचा त्याच्या हातात, उचल किती फिटली ते वहीत लिहून त्यांना वाचून दाखवा. झोळी बांधायला सावली आणि प्यायला तेच पाणी जे तुमच्या घरात जातं. औषध मारलेल्या दिवशी बायकांना बागेत पाठवू नका, यासाठी वचन शोधायची गरज नाही.

चर्चमध्येपण बघा जरा. झारखंडचे मुंडा, उरांव पोरं शेवटच्या बाकावर येऊन बसतात, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती आहेत, आपल्यापेक्षा चांगले गातात, आणि उपासना संपली की आपण चहाला थांबतो, ते गेटबाहेर निघून गेलेले असतात. पाळकसाहेबांना सांगून महिन्यातून एक गीत हिंदीत घ्या. चहाचा कप त्यांच्या हातात तुम्ही जाऊन द्या. लॉकडाऊनमध्ये 1 मे 2020 ला नाशिक रोडहून भोपाळला महाराष्ट्रातली मजुरांची पहिली स्पेशल गाडी सुटली, आधीचा महिनाभर ही माणसं हायवेवरून चालत होती आणि आपण टाळ्या-थाळ्या वाजवून झाल्यावर पाणी घेऊन उभे राहिलो होतो. तेव्हा जमलं होतं.

अमेरिकेतला माझा मावसभाऊ रोज तिकडच्या "इल्लीगल" लोकांवर तावातावाने लिहायचा. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला ते लष्करी विमान उतरलं, बेड्या घातलेले 104 भारतीय, त्यात तिघे महाराष्ट्राचे. त्या दिवशी फॅमिली ग्रुप एकदम शांत होता. मी काही टोमणा मारला नाही, फक्त फोन करून विचारलं की तिकडे चर्च अशा लोकांसाठी काय करतं. अर्धा तास बोललो. टोमण्यापेक्षा हे बरं चालतं.

समोरच्या साईटचा शेवटचा स्लॅब झाला, टोळी आता आडगावकडे गेली. माझ्या फोनमध्ये त्या बाईचा नंबर "बंगाली लेबर" नावाने सेव्ह होता, तो तिच्या नावाने केला, तुम्हीही तेवढं चेक करा. साईट बदलली की यांचे नंबर बदलतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी एक मिस्ड कॉल टाका, आणि उचललाच तर पोरीची शाळा आडगावला बदलून घेतली का ते आधी विचारा.