दुबईत कंपनी काढून व्हिसा घेताय? या चुका टाळा, निम्म्या तर भारतातच होतात

दुबईत ट्रेड लायसन्स काढून त्यावर इन्व्हेस्टर किंवा पार्टनर व्हिसा मिळवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. लायसन्स, एस्टॅब्लिशमेंट कार्ड (कंपनीची इमिग्रेशन खात्याकडची नोंद), एंट्री परमिट, रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी (तिकडचं ओळखपत्र). कागद नीट असतील तर गाडी अडत नाही. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत मेनलँड (म्हणजे फ्री झोनबाहेरच्या) कंपनीचीही १०० टक्के मालकी परदेशी माणसाला मिळू लागली. त्यामुळे ५१ टक्के भाग स्थानिक अरबाच्या नावावर ठेवायची जुनी भीतीही गेली.

तरीही पुण्या-नाशिकचे, सांगली-कोल्हापूरचे लोक अडकतात. त्यांना व्हिसा नाकारला जातो असं सहसा होत नाही. इथून पैसे कोणत्या वाटेने गेले या प्रश्नावर ते अडकतात, नाहीतर दुसऱ्या वर्षीच्या रिन्यूअलला. एजंटला या दोन्हींशी देणंघेणं नसतं. त्याचं कमिशन पहिल्या वर्षीच सुटलेलं असतं.

पैसे पाठवताना

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

भारतात राहणारा माणूस परदेशातल्या शेअर बाजारात न नोंदलेल्या कंपनीचा एक शेअर जरी घेत असेल, तरी भारतीय कायद्याच्या नजरेत ती 'परदेशातली थेट गुंतवणूक' होते. त्याचे नियम २२ ऑगस्ट २०२२ ला नव्याने आले. तुमची दुबईची कंपनी एका खोलीची असो की गोदामाची, हे नियम लागू होतातच. आपल्या बँकेमार्फत 'फॉर्म एफसी' भरायचा, बँक रिझर्व्ह बँकेकडून त्या कंपनीसाठी युनिक आयडेंटिफिकेशन नंबर घेते, मग भांडवल जातं. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांच्या आत बँकेत द्यायचा.

प्रत्यक्षात काय होतं? एजंट पेमेंट लिंक पाठवतो. इकडचा माणूस क्रेडिट कार्ड काढतो, लायसन्सच्या फीबरोबर भांडवलही त्यातच उडवतो आणि मोकळा होतो. नाहीतर बँकेच्या फॉर्मवर पैशाचा उद्देश 'पर्यटन' किंवा 'नातेवाइकांचा उदरनिर्वाह' असा लिहितो, कारण काउंटरवरचा मुलगा म्हणाला की असं लिहिलं की लवकर होतं. लवकर होतं हे खरं. पण दोन वर्षांनी नफा भारतात आणायला जाता, तेव्हा बँक विचारते की मूळ गुंतवणुकीचा नंबर काय? तो नसतो.

याहून वाईट वाट म्हणजे 'शारजातला भाचा तिकडे दिरहम भरेल, मी त्याच्या वडिलांना इथे रुपये देतो.' घरातल्या घरात झालेला हा व्यवहार बोलायला कितीही निरागस असला, तरी परकीय चलन कायद्याने तो चालत नाही. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटपर्यंत जाऊ शकतो.

मर्यादेचंही बघा. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात आणि दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा पडतो. बायकोची मर्यादाही वापरायची असेल तर ती कंपनीत भागीदार असावी लागते. कंपनी एकट्या नवऱ्याच्या नावावर आणि पैसे दोघांच्या खात्यातून, हे गुंतवणुकीच्या बाबतीत चालत नाही. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर जी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. चाळीस लाख पाठवायचे ठरवलेला माणूस टीसीएसचे सहा लाख धरतच नाही आणि ऐनवेळी सोनं गहाण टाकायला निघतो.

आणखी एक, जी जाणत्या लोकांच्याही नजरेतून सुटते. सुरुवातीचं भांडवल नियमात पाठवलं, पुढे कंपनीला पैसे कमी पडले म्हणून मालकाने इथून 'लोन' पाठवलं. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या परदेशी कंपनीला असं कर्ज देता येत नाही. द्यायचं तर शेअर भांडवल वाढवून द्यायचं.

आधीच चूक झाली असेल तर

फॉर्म उशिरा भरायची सोय आहे, उशिराचं शुल्क भरून, मुदतीपासून तीन वर्षांपर्यंत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा, म्हणजे चूक कबूल करून ठरेल ती रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा, अर्ज करावा लागतो. गाडं रुळावर येईपर्यंत त्याच कंपनीत नवे पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून 'पुढच्या वेळी बघू' म्हणू नका. आणि हे काम दुबईच्या एजंटला सांगू नका, त्याला यातलं काही कळत नाही. आपल्या गावचा, परकीय चलनाची कामं करणारा सीए गाठा.

जो मराठी माणूस आधीच तिकडे नोकरीला आहे आणि तिथल्या पगारातून कंपनी काढतोय, त्याला हे काही लागू नाही. तो भारताबाहेरचा रहिवासी, पैसाही बाहेरचाच. त्यामुळे 'माझ्या मित्राने तर असलं काहीच केलं नव्हतं' हा दाखला देण्याआधी तो मित्र त्या वेळी कुठे राहत होता ते विचारा.

पॅकेजच्या जाहिराती

फ्री झोनच्या (कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेल्या राखीव भागाच्या) जाहिरातीतला स्वस्त आकडा बहुतेक वेळा 'झिरो व्हिसा' लायसन्सचा असतो. म्हणजे कंपनी मिळेल, व्हिसाचा कोटा शून्य. कोटा, एस्टॅब्लिशमेंट कार्ड, वैद्यकीय तपासणी, आयडी, देशात राहून व्हिसाचं स्टेटस बदलण्याची फी हे सगळं वरून. एजंटकडून आकडा घेताना दोन वेगळे आकडे लिहून मागा: पहिल्या वर्षाचा, व्हिसा हातात पडेपर्यंतचा, आणि दुसऱ्या वर्षाचा, नुसत्या रिन्यूअलचा. दुसरा आकडा द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे जाऊ नका.

काही फ्री झोनमध्ये भागीदाराचा वाटा ठरावीक रकमेखाली असेल तर पार्टनर व्हिसा मिळत नाही, कंपनीचा कर्मचारी म्हणून मिळतो. तीन मित्रांनी मिळून छोट्या भांडवलाची कंपनी काढली की हे हमखास होतं. व्हिसा कोणत्या प्रकारचा मिळणार हे पैसे भरण्याआधी विचारा.

लायसन्सवरचा व्यवसाय कोणता, हेही तितकंच महत्त्वाचं. 'जनरल ट्रेडिंग'चं लायसन्स स्वस्तात मिळालं म्हणून घ्यायचं आणि काम करायचं सल्लागाराचं, हे बँकेला पहिल्याच भेटीत दिसतं. फ्री झोनच्या कंपनीने दुबई शहरात सरसकट धंदा करू नये असा मूळ नियम आहे. २०२५ मध्ये दुबईने फ्री झोन कंपन्यांना मेनलँडवर काम करण्यासाठी वेगळा परवाना सुरू केला, पण तो मागून घ्यावा लागतो, आपोआप मिळत नाही. ज्यांना बर दुबई, करामा अशा भागांत दुकान टाकायचंय त्यांनी सरळ मेनलँडचंच लायसन्स काढावं.

जुलै २०२५ मध्ये आपल्याकडच्या वाहिन्यांनी एक बातमी दणक्यात चालवली: एक लाख दिरहममध्ये भारतीयांना आजन्म गोल्डन व्हिसा. दोन-तीन दिवसांतच यूएईच्या प्राधिकरणाने ती फेटाळली. गोल्डन व्हिसा प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षांचा असतो आणि मालमत्तेतून घ्यायचा तर २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. त्या बातमीच्या जोरावर पैसे मागणारे अजूनही भेटतात.

चालू धंद्यात भाग घेताना

'कॅफेटेरिया जोरात चाललाय, २५ टक्के भाग घे, व्हिसा आपोआप होईल.' असे प्रस्ताव ओळखीतून येतात, म्हणून कागद मागायला संकोच वाटतो. मागाच.

भाग मिळाला असं कधी म्हणायचं? कंपनीच्या मेमोरँडममध्ये (भागीदार आणि त्यांचे वाटे लिहिलेल्या मूळ दस्तात) बदल होऊन त्याची नोटरीकडे नोंद झाली आणि ट्रेड लायसन्सवर भागीदार म्हणून तुमचं नाव आलं तेव्हा. साध्या कागदावरचा करार, किंवा व्हॉट्सअॅपवर 'तू आपला पार्टनर' असा निरोप, यातून भागीदारीही मिळत नाही आणि व्हिसाही. पैसे नाव चढल्यावर द्या, आधी टोकनपुरते.

आत काय लपलंय तेही तपासा. जागेचा करार, ज्याला तिकडे एजारी म्हणतात, कोणाच्या नावावर आणि कधी संपतो? कामगारांचे पगार थकलेत का? व्हॅटचं रिटर्न भरलंय का? भाडं पुढच्या तारखांच्या चेकने दिलं जातं, ते चेक कोणी सही केलेत? नवा पार्टनर आला की त्याला मॅनेजर करून चेकबुक हाती देतात, हा मान नसतो. जानेवारी २०२२ पासून चेक न वटण्याच्या बऱ्याच प्रकरणांत फौजदारी कारवाई राहिली नाही, पण चेक घेणारा आता थेट वसुलीची अंमलबजावणी मागू शकतो. कोरा चेक सही करून देऊ नका, कितीही जवळचा माणूस असो.

बँक खातं

व्हिसा मिळाला, कंपनी उभी राहिली, आणि खातं काही उघडत नाही. ही तक्रार एवढी नेहमीची आहे की एजंटच्या 'खातं गॅरंटीने' या शब्दावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. खातं देणं न देणं बँकेच्या हातात. बँकेला पाहायचं असतं की हा माणूस खरंच धंदा करणार का: भारतातल्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, इथल्या फर्मची रिटर्न्स, होणाऱ्या ग्राहकांची पत्रं किंवा ऑर्डर, पुरवठादारांची नावं, आणि भांडवल आलं कुठून त्याचा कागद. जमीन विकून आलेला पैसा असेल तर खरेदीखताची प्रत इंग्रजी भाषांतरासह ठेवा. सातबारा त्यांना समजत नाही, आणि समजावेल असा माणूस तिथल्या काउंटरवर नसतो.

भांडवल नियमाने, बँकेमार्फत गेलेलं असलं की या मुलाखतीतलं निम्मं काम झालेलं असतं.

'तिकडे टॅक्स नाही'

हे वाक्य आता जुनं झालं. १ जून २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी कंपनीच्या ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे. नफा शून्य असला तरी नोंदणी करायचीच, आणि नव्या कंपनीला ती तीन महिन्यांत करायची असते. चुकलं तर दंड १०,००० दिरहम. फ्री झोनला शून्य टक्के मिळू शकतो, पण त्याला अटी आहेत, ऑडिट त्यातलंच एक. नुसती व्हिसासाठी काढलेली, बिल एकही न फाडलेली कंपनी बाळगणाऱ्यांना हा दंड सर्वाधिक बसतो, कारण आपल्यालाही काही भरायचंय हे त्यांच्या गावीही नसतं. वर्षाची उलाढाल ३,७५,००० दिरहमवर गेली की व्हॅटची नोंदणी वेगळी.

भारताच्या बाजूला दोन गोष्टी. तुम्ही भारतातच रहिवासी असाल, म्हणजे व्हिसा दुबईचा पण वर्षातले बहुतेक दिवस चिंचवडला, तर आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात कंपनीचे शेअर आणि तिकडचं खातं दाखवावं लागतं. लपवलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो (स्थावर सोडून एकूण मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून सूट आहे). एमिरेट्स आयडी खिशात आहे म्हणून कोणी एनआरआय होत नाही, दिवस मोजावे लागतात.

दुसरी गोष्ट, दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत कंपनीचा वार्षिक अहवाल रिझर्व्ह बँकेकडे जायला हवा. नियंत्रण तुमच्याकडे असेल तर ऑडिट झालेले हिशेब लागतात, तिकडच्या कायद्याने ऑडिट सक्तीचं नसलं तरी. उशीर झाला तर एका अहवालामागे ७,५०० रुपये.

कुटुंब न्यायचं असेल तर

लग्नाचा दाखला इथूनच पक्का करून न्या: मंत्रालयात गृह विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात. युरोपला जाणाऱ्या मेहुण्याने सांगितलेला अपोस्टिलचा, म्हणजे वकिलातीशिवाय एकाच शिक्क्याचा, मार्ग यूएईसाठी उपयोगाचा नाही. नाव पासपोर्टवर एक, दाखल्यावर दुसरं, हे आपल्याकडे घरोघरी असतं (सासरचं नाव, वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही). तो घोळ इथेच मिटवा, तिकडच्या टायपिंग सेंटरमध्ये (सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात) मिटत नाही.

नको असेल तेव्हा बंद करताना

धंदा जमला नाही म्हणून लोक सरळ परत येतात. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की साधा रेसिडेन्स व्हिसा रद्द होतो, पण कंपनी तशीच नोंदणीत राहते, लायसन्सचा दंड चढत राहतो, आणि पुढे कधी नोकरीसाठी परत जायचं ठरलं तर तीच जुनी कंपनी आडवी येते. क्रम असा ठेवा: आधी कामगारांचे आणि कुटुंबाचे व्हिसा रद्द, मग स्वतःचा, मग कंपनीचं लिक्विडेशन (देणी फेडून ती रीतसर बंद करणं) आणि कर नोंदणी रद्द. बँक खातं शेवटी, कारण परतावे त्यातच येतात. व्हिसा रद्द झाल्यावर दिलेल्या मुदतीत देश सोडा. त्यानंतर दिवसाला ५० दिरहम.

कंपनी बंद करून जे काही उरेल ते मिळाल्यापासून ९० दिवसांत भारतात आणायचं, आणि गुंतवणूक काढून घेतल्याची नोंद ३० दिवसांत त्याच बँकेत करायची, जिथून पहिल्यांदा फॉर्म एफसी भरला होता.