डेडस्टॉक रजिस्टरमधील संगणक

शिक्षणातील तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय धोरणावर काम करू इच्छिणाऱ्यांना माझा पहिला सल्ला असा, की मसुदा हाती घेण्यापूर्वी एखाद्या शाळेचे डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, उघडून पाहावे. उमेदवारीच्या काळात मी ते एका खेड्यातील शाळेत पाहिले. दहा संगणकांची नोंद क्रमांकासह नेटकी होती. संगणक मात्र प्लास्टिकच्या आवरणांखाली, कुलूपबंद खोलीत. बिघाड झाल्यास वसुली आपल्या पगारातून होईल, या धास्तीने मुख्याध्यापक किल्ली स्वतःच्या खिशात ठेवत. शिवाय थकलेल्या बिलापोटी वीजही तोडलेली होती.

संगणक पुरवठ्याचा करार वाचल्यावर उलगडा झाला. पुरवठादाराने पाच वर्षे संगणक व शिक्षक पुरवायचे आणि नंतर सर्व साहित्य शाळेच्या हवाली करायचे, अशी ती 'बूट' (बिल्ड-ओन-ऑपरेट-ट्रान्सफर) पद्धत होती. सहाव्या वर्षी शिकवणार कोण आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार, याचा उल्लेख कुठेच नव्हता. तेव्हापासून मी कोणत्याही धोरणात आवर्ती, म्हणजे दरवर्षी पुन्हा करावा लागणाऱ्या, खर्चाचा रकाना आधी शोधतो.

परदेशी उदाहरणेही याच नजरेने वाचावीत. पेरूने २००८ पासून लाखो लॅपटॉप वाटले; ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात मात्र गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही, आणि त्यांतील बहुतेक शाळांत इंटरनेटही नव्हते. उरुग्वेने २००७ मध्ये 'प्लान सेइबाल' सुरू करताना लॅपटॉपसोबत इंटरनेट जोडणी आणि दुरुस्तीचीही व्यवस्था उभारली. पुढे इंग्रजीचे शिक्षक अपुरे पडतात हे पाहून २०१२ पासून दूरस्थ शिक्षक पडद्यावरून शिकवू लागले, तर वर्गशिक्षक आठवड्यातील उरलेल्या तासांना सराव घेत. यंत्र नव्हे, शिक्षकांची उणीव हा तेथील नियोजनाचा आरंभबिंदू होता, म्हणून मला हे उदाहरण मोलाचे वाटते. अर्थात त्या देशाची लोकसंख्या पुणे जिल्ह्याच्या निम्मीही नाही, हे विसरून त्याची नक्कल करू नये.

आपल्याकडे २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय डिजिटल मंचाची रचना मला योग्य वाटते, कारण मंच सामायिक ठेवून आशय राज्यांनी आपापल्या भाषांत घालावा, अशी मुभा तीत आहे. तरीही पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करणारा फोन आणि त्यातील डेटा बहुधा शिक्षकाच्या नाहीतर पालकाच्या पैशांचा असतो. हा खर्च सरकारी अंदाजपत्रकात दिसत नाही; तो शोधायचा, तर शाळेत बसून शिक्षकांना त्यांच्या महिन्याच्या रिचार्जविषयी विचारावे लागते.