टीव्हीतला आवाज गाण्यात घ्या, पण त्यातला ‘घूं’ वगळून

मोबाइल टीव्हीसमोर धरून सॅम्पल, म्हणजे गाण्यात वापरायचा आवाजाचा तुकडा, घ्या असा सल्ला देणाऱ्याच्या घराजवळून रेल्वे जात नसावी. मी कळव्याला रुळांच्या कडेला राहतो. माझ्या पहिल्यावहिल्या सॅम्पलमध्ये बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागे स्लो लोकल आहे, पंखा आहे आणि “कुकरच्या किती झाल्या रे?” असं विचारणारी आई आहे. तेव्हा माइक विसरा. वायरनेच घ्यायचं.

टीव्हीला हेडफोनचा जॅक असेल तर तिथून, नसेल तर सेट-टॉप बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिनांतून वायर काढा आणि ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीच्या, लाइन इनपुटला द्या. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसू नका. ते बहुतेक वेळा मोनो (डावं-उजवं वेगळं नसलेलं) असतं, आणि माइकच्या नाजूक सिग्नलसाठी बनवलेलं असल्यामुळे टीव्हीचा दांडगा आवाज तिथे फाटतो. एचडीएमआयच्या वाटेला जाऊ नका, कॉपी-संरक्षणामुळे बऱ्याचदा हाती काहीच लागत नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये सराउंड, इक्वलायझर आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारं जे काही असेल ते बंद. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन, म्हणजे इंटरफेसवरचं आवाज वाढवायचं बटण, फिरवा.

आता खरी गोम. सगळं जोडलंत, रेकॉर्ड दाबलंत आणि आवाजाच्या तळाशी एक ‘घूंऽऽ’ बसलेला. यावर मी तीन रविवार घालवले आहेत, तुम्ही घालवू नका.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि तो ‘घूं’ म्हणजे तीच. लॅपटॉपच्या तीन पिनांच्या चार्जरला घराचं अर्थिंग मिळतं. केबलची काळी वायर गच्चीवरून, चार घरं फिरून येते, आणि तिच्या बाहेरच्या जाळीचं अर्थिंग भलतीकडेच कुठेतरी असतं. तुम्ही मध्ये ऑडिओची वायर लावता आणि वर्तुळ पूर्ण होतं. त्यातून वाहणारा बारीकसा प्रवाह म्हणजे तुमचा ‘घूं’.

“नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो की!” हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. एक तर तो ५० वर थांबत नाही, १००, १५० असा वर चढत जातो. तेवढं सगळं कापलं की माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. दुसरं म्हणजे ५० हर्ट्झ म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचच्या जरासा वर, ना धड पाच ना पुढची काळी. गाणं कुठल्याही पट्टीत असो, हा बेसूरच. त्यात सॅम्पल हळू केलंत की ‘घूं’ही खाली सरकतो. अशी चार सॅम्पल चार वेगवेगळ्या वेगांत लावा, म्हणजे तळाशी चार तंबोरे चार सुरांत.

त्यामुळे उगमच शोधायचा. टीव्ही म्यूट करा, हेडफोन लावा, चार्जर काढा. ‘घूं’ गेला? मग उपाय फुकटचा आहे, बॅटरीवर रेकॉर्ड करा. नाही गेला तर केबलची काळी वायर काढून बघा. चित्र जाईल, जाऊ दे. तेव्हा ‘घूं’ गेला तर चोर त्या वायरीत आहे. आणि आवाज ‘घूं’ नसून ‘झर्र’ असेल तर आधी पंख्याचा रेग्युलेटर बंद करून बघा.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकते, म्हणून मी टीव्हीच्या ऑप्टिकल आउटकडे वळलो. तिथून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे वर्तुळ तुटतं. पुढे प्रकाशाचा परत सिग्नल करणारी छोटी डॅकची डबी लागते. टीव्हीत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवा, ‘ऑटो’वर राहिलं तर डबी मुकी होते किंवा खरखरते. एवढं सगळं केलं, तरी माझा ‘घूं’ जागच्या जागी! कारण डबीची पॉवर मी टीव्हीच्याच यूएसबीतून घेतली होती. प्रकाशाने तोडलेलं वर्तुळ चार्जिंगच्या वायरने पुन्हा जोडलं होतं. डबी पॉवर बँकेवर लावली आणि एकदम शांत.

टीव्हीला ऑप्टिकल नसेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ऑडिओच्या वायरीत मध्ये लावून हे अर्थिंगचं वर्तुळ तोडणारी डबी, आणा, ठाण्यात नाही मिळाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. त्यात इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातला बास खातो, पण बोलण्याच्या सॅम्पलला फरक पडत नाही. आणि चार्जरची अर्थची पिन तोडायला सांगणारा कोणी भेटला तर त्याच्याशी बोलणं बंद करा. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मालिकांतले संवाद मात्र सोडा, प्रत्येक शब्दामागे ‘ढॅण ढॅण’ असतं आणि ते सुटं होत नाही. हवामानाच्या बातम्या किंवा कसोटी सामन्यात दोन चेंडूंमधला प्रेक्षकांचा गलका, असं काही घ्या. कापताना मागे-पुढे दोन सेकंद जास्त ठेवा.

घरी सराव करणं वेगळं, गाणं बाहेर काढणं वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारणाचा हक्क २५ वर्षं आणि ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षं राहतो, म्हणजे परवानगी लागणारच. ती मागायची तर सॅम्पल कुठलं ते माहीत हवं. चॅनल, तारीख आणि वेळ फाइलच्या नावातच लिहा. माझ्याकडे ‘नवीन फायनल’ नावाच्या अकरा फाइली आहेत. त्यातल्या एकीत ढगांचा जबरदस्त गडगडाट आहे, आणि तो कुठल्या चॅनलवरून घेतला हे मला आजतागायत आठवलेलं नाही.