माळरान आणि नदीकाठ: भिगवण-कडबनवाडी भागात पक्षी-प्राणी कसे बघावेत

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण लागतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्याचं पाणी इथपर्यंत पसरलं. कुंभारगाव, डिकसळ, डाळज ही पक्षी बघणाऱ्यांची नेहमीची गावं याच पाण्याच्या काठावर आहेत. त्याच इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचं माळरान आहे आणि शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. बहुतेक लोक भिगवणला होडीत बसतात, रोहित (फ्लेमिंगो) बघतात आणि परत फिरतात. माळ त्यांना रिकामा वाटतो, कारण तो चालत्या गाडीतून बघितलेला असतो. माळावरचे बहुतेक जीव जमिनीच्याच रंगाचे असतात आणि धोका वाटला की हलायचं थांबतात. तिथे बसावं लागतं.

दुर्बीण आधी डोळ्यांना जुळवून घ्या

८x४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली दुर्बीण या भागाला उत्तम. १०x मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण माळावरच्या वाऱ्यात हात हलतो आणि दिसणारा टापूही लहान होतो, त्यामुळे चंडोलासारखा लहान पक्षी उडताना सापडत नाही. पाण्यावर मात्र पक्षी लांब असतात. तिथे जमल्यास तिपाईवर टेलिस्कोप लावा आणि २० ते ३० पट मोठं करूनच बघा. ऊन तापल्यावर ६० पट केलं की फक्त हवेचं थरथरणं मोठं दिसतं.

दुर्बिणीच्या उजव्या भिंगाशी एक वेगळी कडी असते. ती न जुळवताच कित्येक जण वर्षानुवर्षं दुर्बीण वापरतात आणि मग डोकं दुखतं म्हणतात. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकाने साधारण ३० मीटरवरची बाभळीची फांदी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता त्या कडीने तीच फांदी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, पिशवीत घासून ती सरकते. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली करा, नसेल तर वर.

कपडे मातकट आणि घट्ट विणीचे हवेत. ऑक्टोबरपासून गवत वाळतं आणि कुसळी गवताची कुसळं मोज्यांत नुसती अडकत नाहीत, पीळ घेत आत शिरतात. लोकरी किंवा सैल विणीचे मोजे इथे निरुपयोगी. पॅन्ट बुटांवर घ्या. घोट्यापर्यंतचे बूट काट्यांसाठी हवेत, त्याहून जास्त फुरसं या विषारी सापासाठी. फुरसं दगडांखाली बसतं, म्हणून दगड उलटायचे नाहीत आणि बसण्याआधी जागा नीट बघायची. माणशी दोन लिटर पाणी घ्या, माळावर सावली मिळेल हे धरून चालू नका.

माळावरची सकाळ

कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे वन विभागाची गवताळ प्रदेशाची सफारी आहे. तिचं बुकिंग आधी करून ठेवा आणि स्थानिक वाटाड्या घ्या. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या आसपास होतो. साडेसहाला जागेवर असाल तर लांडगा, खोकड, तरस रात्रीची फिरस्ती आटोपून परतताना दिसण्याची शक्यता असते. नऊनंतर ती झपाट्याने कमी होते.

गाडी हाच तुमचा आडोसा. तिच्यात बसलेल्या माणसापेक्षा उतरलेल्या माणसाला प्राणी कितीतरी आधी बुजतात. वाट सोडू नका, इंजिन बंद करा, पक्ष्याच्या बाजूचं दार उघडू नका आणि निदान वीस मिनिटं तिथून हलू नका. पहिली पाच मिनिटं काहीच दिसणार नाही. मग एखादं ढेकूळ धावू लागेल.

तो बहुधा धाविक (इंग्रजीत कोर्सर) हा पक्षी असतो. दहा-बारा पावलं तुरुतुरु पळायचं, एकदम थांबायचं, पुढे वाकून किडा टिपायचा आणि ताठ उभं राहायचं, ही त्याची रीत. डोकं तांबूस, डोळ्यातून जाणारी काळी रेघ, तिच्यावर पांढरी भुवई, आणि या रेघा मानेमागे जाऊन मिळतात. थांबला की पुन्हा मातीत मिसळतो. म्हणून दिसल्या दिसल्या दुर्बीण लावायची घाई करू नका. नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. मान खाली घालून दुर्बीण शोधायला गेलात की पक्षी हरवला.

चंडोल ओळखायचे तर आवाज आणि उडण्याची ढब बघा. डोंबारी या चंडोलाचा नर फडफडत उंच जातो, पंख मिटून दगडासारखा पडतो, जमिनीच्या जरा वर सावरतो आणि पुन्हा चढतो. मुरारी या दुसऱ्या चंडोलाची शेपटी तांबूस आणि टोकाशी गडद असते, उडताना ती पसरली की शंका राहत नाही.

ऑक्टोबर ते मार्च या काळात गवतावरून अगदी कमी उंचीवर तरंगणारा, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरलेला शिकारी पक्षी म्हणजे भोवत्या. त्याच्या दोन जाती वेगळ्या ओळखायच्या तर नर सोपे. माँटेग्यूच्या भोवत्याच्या राखाडी पंखावर मधोमध काळी पट्टी असते. पांढुरका भोवत्या स्वच्छ, फिका, आणि त्याच्या पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. माद्या आणि पिल्लं तपकिरी असतात आणि तिथेच लोक फसतात. त्यांचा चेहरा बघा: गालावरच्या काळ्या डागामागे मानेला फिकी, सलग कॉलर असेल तर पांढुरका, कॉलर नसेल आणि डोळ्याभोवती पांढरं जास्त असेल तर माँटेग्यूचा. चेहरा दिसला नाही तर नुसतं ‘भोवत्या’ लिहा. तीही खरी नोंद असते. हे पक्षी दिवस मावळताना रात्रीसाठी गवतात जमिनीवर एकत्र उतरतात. ती जागा कळली तर लांबूनच मोजा. अंधारात गाडीचे दिवे तिकडे वळवू नका, एकदा उठवलेले पक्षी कुत्र्या-कोल्ह्यांच्या तावडीत सापडतात.

पखुर्ड्या (इंग्रजीत सँडग्राऊज) बघायच्या तर पाण्याचं डबकं शोधा. त्या दिवसभर कोरडं बी खातात, त्यामुळे पाण्यावर यावंच लागतं, आणि येतात त्या ऊन चढल्यावर, सकाळीच. डबक्यापासून ५० मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन, त्या येण्याआधीच बसा. आधी त्या वरून घिरट्या घालतील, लांब उतरतील, मग चालत येतील. तुम्ही पाण्याला खेटून बसलात तर तहानलेल्याच परततील. पिल्लांच्या दिवसांत नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी पिल्लांना नेतो, तेव्हा त्याला एक फेरी चुकवायला लावणं फार महागात पडतं. रंगीत पखुर्डी ही दुसरी जात; त्या याउलट संध्याकाळी, जवळजवळ अंधारात पाण्यावर येतात.

जमिनीवरच्या खुणाही वाचा. चिंकारे पुन:पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतात. तरसाची विष्ठा वाळली की हाडांतल्या चुन्यामुळे पांढरी पडते, आणि त्याच्या पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. लांडगा आणि गावचं कुत्रं एका ठशावरून वेगळं करता येत नाही. माग निदान वीस पावलं बघा: लांडग्याचा माग सरळ रेषेत जातो, कुत्र्याचा भरकटतो. चिंकारा शिंकल्यासारखा आवाज करून पाय आपटत असेल तर तो तुम्हाला किंवा दुसऱ्या कोणाला तरी बिचकला आहे. आधी त्याची नजर कुठे आहे ते बघा.

मेंढपाळ भेटले तर रामराम करून विचारा. लांडगा काल कुठे होता हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं, त्यांची मेंढरं त्यात गेलेली असतात. कळपातून गाडी घालू नका आणि लांडग्याची जागा सगळ्यांना सांगत सुटू नका.

पाण्यावर

भिगवणचं सगळं गणित पाण्याच्या पातळीवर आहे. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं, पाणी शेतांना भिडतं आणि उथळ चिखल शिल्लक राहत नाही. तेव्हा पाणपक्षी विखुरलेले असतात. जानेवारीपासून पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि रोहित, चित्रबलाक, चमचे, शेकाटे, तुतवार गोळा होतात. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगला. निघण्याआधी गावातल्या होडीवाल्याला पाणी कुठवर आहे ते फोनवर विचारा, तारखेपेक्षा त्याचा भरवसा जास्त.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि भिगवण-कुंभारगाव पाण्याच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे या काठावरून उत्तरेकडे बघताना ऊन बराच वेळ पाठीशी किंवा बाजूला राहतं. सूर्य समोर असेल तर थापट्या आणि चक्रवाक ही रंगीत बदकंसुद्धा काळीच दिसतात.

होडीत बसण्याआधीच सांगा: थव्याकडे सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, १०० मीटरवर मोटार बंद, पुढे बांबूने. रोहित मान उलटी घालून चिखल गाळत असतील तर सगळं ठीक आहे. माना वर आल्या, थवा दाटीने जवळ आला आणि एका दिशेने चालू लागला की थांबा. आणखी दहा मीटर गेलात तर उडतील. उडालेल्या थव्याचा फोटो हवा म्हणून होडी पुढे दामटायला सांगणारे लोक असतात. होडीवाल्याला नाही म्हणणं जड जातं, म्हणून ते तुम्ही म्हणा.

मोजणी अशी करा: थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी एकेक करून मोजा, तेवढी जागा नजरेत धरा आणि ती थव्यावर पुढे पुढे ठेवत जा. हजारांच्या थव्याला शंभराचा ठोकळा घ्या. दोनदा मोजा, आकड्यांत फार फरक आला तर तिसऱ्यांदा. पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) सकाळ-संध्याकाळ शेतात चरायला जातात, त्यांची मोजणी दुपारी पाण्याकाठी. नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. सुरुवातीची वेळ, कालावधी आणि चाललेलं अंतर लिहिलं नाही तर त्या नोंदीचा अभ्यासाला उपयोग निम्मा होतो.

एप्रिल-मे: पाय कुठे ठेवता ते बघा

या दोन महिन्यांत माळटिटवी, धाविक आणि करवानक उघड्या जमिनीवर अंडी घालतात, नदी सुरय आणि लहान आर्ली वाळूच्या बेटांवर. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी खड्यांच्या रंगाची. या उन्हात आई अंडी उबवत नाही, त्यांच्यावर सावली धरते. ती दहा मिनिटं दूर राहिली तर आतलं पिल्लू उन्हाने मरू शकतं. टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली किंवा पंख मोडल्याचं सोंग करत लंगडू लागली, तर अंडी तुमच्या पायाजवळच आहेत. आल्या पावलांच्या ठशांवरूनच मागे फिरा. सुरयाच्या बेटावर उतरायचंच नाही. पाणी उतरून बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री तिथे पोचतात, त्यात माणसाची भर नको.

घरट्याचा फोटो, पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाईलवर त्याचाच आवाज आणि परवानगीविना ड्रोन, हे तिन्ही बंद. लांडगा आणि चिंकारा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या मागे गाडी पळवणं हा गुन्हा आहे.

एकाच दिवसात दोन्ही करायचं असेल तर पहाटेपासून साडेदहापर्यंत माळ, दुपारी जेवण आणि झोप, तीनपासून अंधार पडेपर्यंत पाणी. शेवटची वीस मिनिटं होडी सोडून काठावर उभे राहा, आर्ली पाण्यावर किडे पकडायला तेव्हाच निघतात. दोन दिवस असतील तर दुसरी संध्याकाळ भोवत्यांसाठी माळावर ठेवा.